खंजिरीवर उभी राहिलेली संस्था

वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. श्रीगुरुदेव सेवा मंडळ त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या गावांत आहे. कारंजा-मंगरूळपीरकडचा माणूस मंडळ ओळखतो ते भगवी टोपी, पहाटेची रामधून आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना यांवरून. पण या संस्थेची वाटचाल सांगायची, तर सुरुवात खंजिरीपासूनच करावी लागते.

मंडळाचे संस्थापक माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म 30 एप्रिल 1909 चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. शाळा तिसरीतच सुटली. घराणं नाही, उस्ताद नाही. वरखेडचे आडकोजी महाराज हे गुरू, कानावर वारकऱ्यांचे अभंग आणि कबीराची पदं. रामदिघीच्या रानातली भटकंती हीच काय ती तालीम. माणिकचे तुकडोजी झाले आणि मराठीबरोबर हिंदीतही स्वतः पदं रचून गाऊ लागले. शब्द त्यांचे, चालही त्यांनीच बसवलेली; हातात खंजिरी, समोर झेल धरणारा, म्हणजे ओळ उचलून मागे म्हणणारा, सगळा गाव. इतक्या कमी सामानात एवढी मोठी सभा बांधणारा दुसरा गायक विदर्भाने पाहिला नसेल.

1935 मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. पुढच्याच वर्षी सेवाग्रामला गांधीजींकडे महिनाभर राहिले. त्यानंतर भजनात देवासोबत गावसफाई, व्यसन, अस्पृश्यता हेही येऊ लागलं. 1942 च्या ऑगस्टमध्ये चिमूर-आष्टी पेटलं, तेव्हा सरकारने ही भजनं चिथावणीखोर ठरवली आणि गायकाला अटक करून नागपूर, रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं. गाण्याचं वजन सरकारला टीकाकारांआधी कळलं, असं म्हणावं लागेल! 1943 मध्ये ‘श्रीगुरुदेव’ मासिक निघालं. पुढे राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटलं, 1955 मध्ये जपानच्या धर्म परिषदेतही खंजिरी वाजली. ‘ग्रामगीता’ त्याच काळातली: 41 अध्याय, 4675 ओव्या.

11 ऑक्टोबर 1968 रोजी ते गेले. गायकामागे त्याचं गाणं विरून जातं, असाच बहुतेकांचा अनुभव. इथे मात्र गावोगावच्या मंडळांनी ते रोजच्या दिनक्रमात गुंफून ठेवलं होतं. शेजारच्या अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज तर एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवून दारू आणि हुंड्यावर बोलतात. तुकडोजींचा खरा वारसा मला तिथे दिसतो. जुनी भजनं नुसती घोकणाऱ्या मंडळांत तो तेवढा दिसत नाही, कारण ते स्वतः नेहमी आजच्या गोष्टीवर गात.

दुसरी उणीव अधिक तातडीची आहे. पुस्तकात पद छापलेलं असतं, वर फार तर तर्ज दिलेली असते. खंजिरीचा ठेका आणि झेल कुठे घ्यायचा हे जुन्या भजन्यांच्या गळ्यातच आहे. मानोरा, रिसोड, मालेगावच्या मंडळांनी यंदाच्या आश्विन वद्य पंचमीला, पुण्यतिथीच्या निमित्ताने, आपापल्या गावच्या म्हाताऱ्या भजनी मंडळींचं गाणं मोबाइलवर का होईना, पण पूर्ण ध्वनिमुद्रित करून ठेवावं.