संस्कृतीच्या हक्काची कुळकथा

८ डिसेंबर १९४८. दिल्लीत घटना समितीपुढे मसुद्याचं २३वं कलम होतं : ज्यांची स्वतःची वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती आहे, त्यांना ती जपण्याचा हक्क. 'अल्पसंख्य' हा शब्द इथून का काढला, या आक्षेपाला उत्तर देताना डॉ. आंबेडकरांनी उदाहरण घेतलं ते मराठी माणसाचं. काही महाराष्ट्रीय बंगालात जाऊन स्थायिक झाले, तर रूढ अर्थाने ते अल्पसंख्य नसतील. पण भाषा-संस्कृतीच्या दृष्टीने तिथे अल्पसंख्यच ठरतील, आणि संरक्षण त्यांनाही हवं. कलमाची कक्षा त्यांनी मुद्दाम रुंद ठेवली होती. घटनेतलं २९वं कलम ते हेच.

त्याच आठवड्यात पॅरिसमध्ये मात्र उलटं घडत होतं. ९ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार मंजूर केला. राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताचा आग्रह होता, की समूहाची भाषा आणि संस्कृती संपवणं हाही वंशसंहारच. पहिल्या मसुद्यात ते होतंही. ऑक्टोबरात महासभेच्या कायदेविषयक समितीने २५ विरुद्ध १६ मतांनी ते काढून टाकलं. विरोधकांत कॅनडा ठामपणे उभा होता. आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत त्यांची भाषा बंद पाडणाऱ्या देशाला हे कलम का नको होतं, ते उघड आहे.

१० डिसेंबरला मानवी हक्कांचा जाहीरनामा आला. त्याच्या २७व्या कलमाने प्रत्येकाला समाजाच्या सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क दिला. पण अल्पसंख्यांना स्वतःची संस्कृती जपण्याचा हक्क देणारं कलम गाळलं गेलं. तो प्रश्न पुढच्या अभ्यासावर ढकलला.

तो सुटायला १८ वर्षं लागली. १९६६च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारात अल्पसंख्य समूहातल्या व्यक्तींना आपल्या माणसांसोबत आपली संस्कृती जगण्याचा हक्क मिळाला. योगायोगाने हेही कलम २७वंच.

त्याचा कस लागला तो कॅनडातच. मालिसीत जमातीच्या सँड्रा लव्हलेस यांनी १९७० मध्ये आदिवासी नसलेल्या पुरुषाशी लग्न केलं आणि कायद्याने त्यांचं आदिवासीपण गेलं. आदिवासी पुरुषाने असं लग्न केलं तर त्याचं काहीच जात नसे. उलट बायकोलाही तो दर्जा मिळे. संसार मोडल्यावर लव्हलेस यांना टोबिकच्या राखीव वस्तीत परतायचं होतं, पण तिथे राहण्याचा हक्क उरला नव्हता. त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे दाद मागितली. १९८१ मध्ये समितीने निकाल दिला, तो फार साध्या कारणावर : ज्या माणसांत त्यांची भाषा आणि संस्कृती जगता येते, तो समाज टोबिकबाहेर कुठेच नाही, म्हणून वस्तीचं दार बंद करणं म्हणजे संस्कृतीच हिरावणं. मला या साऱ्या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं वाक्य वाटतं, कारण इथे संस्कृतीला पत्ता मिळाला.

१९८५ मध्ये कॅनडाने कायदा बदलला. अशा स्त्रियांच्या नातवंडांना आदिवासी म्हणून नोंदवण्यातला भेदभाव तरीही उरला, आणि त्याविरुद्ध आदिवासी बायका पुढेही कोर्टात लढत राहिल्या.