योग्या : शल्यकर्मातील हाताच्या शिक्षणाचा इतिहास



ज्या व्याधींची नावेही चारचौघांत उच्चारताना संकोच वाटतो, त्यांवर शस्त्रकर्म करणारा शल्यविशारद कसा घडतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. मूळव्याध, भगंदर, गुदमार्गाचा कर्करोग. मी वैद्य नव्हे, मराठीचा अध्यापक आहे. परंतु विद्या एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते, हा प्रश्न मुळात अध्यापकाचाच आहे. शिवाय मुधोळ, भैंसा, कुबेर हा आपला मुलूख 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्ह्यातून निघून आदिलाबादला जोडला गेला आणि 2016 पासून तो निर्मल जिल्ह्यात आहे. येथील रोग्याचे एक पाऊल नांदेडकडे तर दुसरे हैदराबादकडे. आणि या विशिष्ट व्याधींत, लाजेपायी, तो या दोन्ही ठिकाणी जाण्याआधी बाजारातल्या ‘एका इंजेक्शनात खात्रीने बरे’ अशा पाटीखाली जाऊन बसतो.

ही लाज केवळ आपली नव्हे. लंडनमध्ये 1835 साली फ्रेडरिक सामन या शल्यविशारदाने भगंदर व गुदरोगांनी पीडलेल्या गरिबांसाठी अवघ्या सात खाटांचे रुग्णालय काढले. पुढे ते सेंट मार्क्स या नावाने प्रसिद्ध झाले. सामनच्या रोग्यांत चार्ल्स डिकन्सही होता. 1841 मध्ये, भूल देण्याची सोय नसताना, त्याने भगंदराची शस्त्रक्रिया सोसली. सेंट मार्क्सचे खरे महत्त्व असे की, एकच व्याधी शेकड्यांनी जेथे दिसते तेथे शिकणाऱ्याची नजर तयार होते. अमेरिकेतील लुईव्हिलचे जोसेफ मॅथ्यूज तेथे जाऊन शिकले आणि 1899 मध्ये अमेरिकेत गुदरोगतज्ज्ञांची जी संस्था स्थापन झाली तिचे ते पहिले अध्यक्ष झाले. आज ज्याला फेलोशिप म्हणतात, म्हणजे सामान्य शल्यशास्त्राची पदवी मिळाल्यावर एखाद्या शिक्षण-रुग्णालयात वर्ष-दोन वर्षे एकाच अवयवाच्या शस्त्रक्रियांत हात घालून राहणे, त्याचे बीज अशा प्रवासांत आहे.

आता आपल्याकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ या नावाचा आहे. योग्या म्हणजे सराव, हाताची तालीम; आपली ‘योग्यता’ त्याच धातूपासून आली, हे जाता जाता सांगतो. ग्रंथ मुखोद्गत असलेला शिष्यही योग्येवाचून कर्माला अपात्र, असे तेथे मानले आहे, आणि मग विलक्षण तपशील येतो. छेदन शिकावे ते कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर. एषणी, म्हणजे शोधण्याची सळई, फिरवावी ती किडीने पोखरलेल्या लाकडात, बांबूत आणि वाळलेल्या भोपळ्याच्या तोंडात. शिवण जाड वस्त्रावर आणि मऊ चामड्यावर. पट्टबंधन बाहुल्याच्या अंगावर. बस्तीची नळी पाण्याने भरलेल्या घागरीच्या बाजूच्या छिद्रात. पोखरलेल्या लाकडाचा दृष्टांत मला सर्वांत मार्मिक वाटतो, कारण भगंदराचा मार्ग तसाच असतो: बाहेर एक तोंड, आत कोठे वळेल ते दिसत नाही.

आणि येथेच सारा धोका आहे. मलावर ताबा ठेवणाऱ्या स्नायूंचे वलय त्या मार्गाच्या वाटेत येते. मार्ग पुरता उघडला नाही तर रोग उलटतो. स्नायू फाजील कापला तर रोगी बरा होऊनही जन्मभर लोकांत बसण्यास मुकतो. सुश्रुताने भगंदराचे पाच प्रकार सांगितले आणि अनेक तोंडांच्या शतपोनकात सर्व तोंडे एकाच छेदाने उघडण्यास मनाई केली. सेंट मार्क्सच्या ॲलन पार्क्स यांनी 1976 मध्ये चारशे रोग्यांच्या अभ्यासावरून स्नायूच्या संदर्भात चार प्रकार ठरविले. दोघांमध्ये शतकांचे अंतर आहे, चिंता एकच.

मात्र ग्रंथ होता म्हणून विद्या टिकली, असे समजण्याचे कारण नाही. हे सांगताना ग्रंथांवर पोट भरलेल्या माझ्यासारख्याला थोडे जड जाते! क्षारसूत्राचा उल्लेख सुश्रुतात आहे, चक्रदत्तात ते करण्याची रीत आहे. तरी विसाव्या शतकात त्याला विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळाली ती बनारस हिंदू विश्वविद्यालयात, प्रा. पी. जे. देशपांडे या मराठी आडनावाच्या आचार्यांच्या विभागात, 1960 नंतरच्या दशकात. धाग्यावर निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार व हळद यांची एकवीस पुटे चढवावयाची. तो मार्गातून ओवून बांधावयाचा आणि दर आठवड्यास बदलावयाचा. धागा हळूहळू कापतो आणि मागून जखम भरत येते. 1973 मध्ये देशपांडे व त्यांचे सहकारी शर्मा यांनी दोनशे रोग्यांचा वृत्तान्त अमेरिकन नियतकालिकात दिला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची अनेक केंद्रांवरील तुलनात्मक चाचणी 1991 मध्ये प्रसिद्ध झाली: धाग्याने बरे होण्यास आठ आठवडे, शस्त्रक्रियेने चार, परंतु रोग उलटण्याचे प्रमाण धाग्यात चार टक्के, शस्त्रक्रियेत अकरा. अभिमानाने मान उंचावण्यापेक्षा हे आकडे वाचणे मला अधिक उपयोगाचे वाटते. कारण त्यांत दोन्ही बाजूंचे देणे-घेणे उघड आहे.

हाताच्या शिक्षणाने किती फरक पडतो, याचा ठळक पुरावा मात्र स्वीडनमधला आहे. इंग्लंडातील बेसिंगस्टोकचे बिल हील्ड यांनी 1982 मध्ये असे दाखविले की, गुदाच्या कर्करोगात गुदाभोवतीचे मेदाचे वेष्टन अखंड काढले पाहिजे. लेख सर्वांनी वाचला. पण स्टॉकहोममध्ये 1994 पासून कार्यशाळा भरवून, प्रत्यक्ष शस्त्रक्रिया दाखवून, तेथील शल्यविशारदांना ती शिकविण्यात आली. तेव्हा त्याच जागी कर्करोग परत उद्भवण्याचे प्रमाण सुमारे पंधरा टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर उतरले. कायमचे कृत्रिम मलद्वार वागवावे लागणाऱ्यांची संख्याही घटली. औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते.

आपल्याकडे 2020 च्या नोव्हेंबरात केंद्रीय परिषदेने शल्य व शालाक्य या विषयांतील आयुर्वेद पदव्युत्तरांसाठी अठ्ठावन्न शस्त्रकर्मांची यादी अधिसूचित केली. मूळव्याध आणि भगंदर त्यांत होतेच. 11 डिसेंबरला ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी देशभर काम बंद ठेवले. त्या वादात पॅथी कोणती यावर पुष्कळ बोलले गेले. शिकणाऱ्याच्या नोंदवहीविषयी, म्हणजे त्याने किती शस्त्रक्रिया पाहिल्या, कितींना साहाय्य केले, किती गुरूच्या डोळ्यांदेखत स्वतः केल्या, याविषयी फार थोडे ऐकू आले. बासरला मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेणारा आपला हा मुलूख आहे. नांदेडला काय किंवा हैदराबादेत काय, संमतिपत्रावर सही करण्याआधी त्या नोंदवहीची चौकशी रोग्याच्या मुलाने केली, तर कोणत्याही चांगल्या शल्यविशारदाला त्याचा राग येणार नाही.