नदी निघून गेलेला पूल

आइसलँडच्या रिंग रोडवर एक पिवळी पाटी वारंवार भेटते: ‘एइन्ब्रेइद ब्रू’, म्हणजे एकपदरी पूल. जो आधी पोचला तो आधी जातो, दुसरा थांबतो. २०२२च्या सप्टेंबरमध्ये मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र कॅम्परव्हॅन घेऊन या रस्त्यावर निघालो, तेव्हा अशा किती पुलांवर थांबलो याचा हिशोब लवकरच सुटला. गाडी देणाऱ्याने दोनच गोष्टी बजावल्या होत्या. दार उघडताना ते हाताने घट्ट धरायचं, कारण वारा ते उपटून नेतो. आणि रात्री वाटेल तिथे मुक्काम ठोकायचा नाही, कॅम्पसाइटवरच झोपायचं.

तिसऱ्या दिवशी आम्ही स्काफ्ताफेलजवळ पोचलो. डावीकडे वात्नायोकुल हिमनदीचा प्रचंड पांढरा पसारा, उजवीकडे समुद्रापर्यंत काळी वाळू. रस्त्याच्या कडेला पोलादाच्या दोन महाकाय तुळया पडल्या होत्या, चिंध्या पिळाव्यात तशा पिळलेल्या. मित्राला वाटलं शिल्प आहे. तो होता एका पुलाचा तुकडा.

देशाला वळसा घालणारा हा सुमारे १,३०० किलोमीटरचा रस्ता १९७४पर्यंत पूर्ण नव्हता. अडलं होतं ते याच वाळूवर. हिमनदीतून निघणाऱ्या नद्या इथे पात्र बदलत पसरतात. या वाळूपलीकडच्या ओरायव्ही भागातले लोक अशा नद्या पोहण्यात तरबेज असलेले घोडे बाळगत. मोटारी आल्या तरी गाडीने राजधानीला जायचं तर उत्तरेकडून जवळजवळ सगळा देश फिरून जावं लागे.

खरी भीती रोजच्या पाण्याची नव्हती. वात्नायोकुलच्या बर्फाखाली ज्वालामुखी आहेत. त्यांच्या उष्णतेने वितळलेलं पाणी ग्रीम्सव्होत्न नावाच्या सरोवरात साठत राहतं आणि एक दिवस बर्फाच्या खालून वाट काढत बाहेर पडतं. अशा पुराला तिथे ‘योकुलह्लाउप’ म्हणतात. १९३४ आणि १९३८ सालचे मोठे पूर लोकांच्या आठवणीत होते. म्हणजे इथे पूल बांधायचा तर तो कधीतरी जाणार, हे माहीत असूनच बांधायचा होता. सरकारने लॉटरीचे रोखे काढले, लोकांनी ते विकत घेतले, आणि १४ जुलै १९७४ रोजी, देशात वस्ती झाल्याच्या ११००व्या वर्षी, स्केइदारा नदीवरचा जवळपास ९०० मीटरचा पूल खुला झाला. देशातला तो सर्वांत लांब पूल होता. वर्तुळ पूर्ण झालं.

३० सप्टेंबर १९९६ रोजी बर्फाखाली उद्रेक सुरू झाला. वितळलेलं पाणी सरोवरात जमत गेलं. शास्त्रज्ञ पातळी मोजत होते. पूर येणार हे नक्की होतं, फक्त दिवस ठरत नव्हता. पाच आठवडे असेच गेले. ५ नोव्हेंबरच्या सकाळी पाणी आलं. ऐन भरात त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५० हजार घनमीटर होता. आपल्याकडचा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. असे पाच हजार टँकर, दर सेकंदाला. सोबत घराएवढे हिमखंड. शेजारच्या गीग्युक्वीस्ल नदीवरचा पूल संपूर्ण गेला, स्केइदारावरच्या पुलाचा मोठा तुकडा गेला, कित्येक किलोमीटर रस्ता गेला. माणूस एकही गेला नाही. रस्ता आधीच बंद केलेला होता.

हे वाचून मी त्या तुळयांपाशी बराच वेळ उभा राहिलो. मी महाडकडचा. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बस व इतर गाड्या अंधारात पाण्यात गेल्या, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. माझा मामा त्याच रात्री तासाभरापूर्वी पोलादपूरहून त्याच पुलावरून घरी आला होता. अजूनही तो नव्या पुलावर आला की बोलणं थांबवतो.

दोन्हींची तुलना सरळ नाही, हे मला कळतं. तिथे पाच आठवड्यांची सूचना होती, इथे पावसाळ्यातली एक रात्र. पण इतकी वर्षं मी एकच प्रश्न विचारत होतो: पूल पडलाच कसा? आइसलँडमध्ये पहिल्यांदा दुसरा प्रश्न सुचला: तो पडला तेव्हा त्यावर माणसं का होती? पूल किती टिकेल हे बांधणाऱ्याच्या हातात थोडंच असतं. पाण्यावर नजर कुणी ठेवायची आणि रस्ता कुणी बंद करायचा, हे मात्र ठरवता येतं.

वर्तुळाची गोष्ट तिथे संपत नाही. पूल दुरुस्त झाला. पण हिमनदी मागे सरकत गेली आणि २००९मध्ये स्केइदाराचं पाणी पात्र सोडून गीग्युक्वीस्लला जाऊन मिळालं. २०१७मध्ये रस्ता एका नव्या, छोट्या पुलावर वळवला गेला. आम्ही गेलो तेव्हा जुना पूल बाजूलाच उभा होता, कोरड्या वाळूवर.

त्या रात्री स्काफ्ताफेलच्या कॅम्पसाइटवर वाऱ्याने गाडी हलत होती. गॅसवर पोहे केले. मग मामाला फोन लावला आणि त्या पुलाबद्दल सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, “रस्ता कोणी बंद केला म्हणालास?”