धंद्याचा कोरा रकाना

गटाच्या बैठकीत आम्ही काम विचारलं, की पुष्कळ जणी सांगतात, "काही नाही, घरीच असते." हे उत्तर किती जुनं आहे, ते इंग्लंडच्या शिरगणतीच्या कागदांत दिसतं.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिथे दर दहा वर्षांनी शिरगणती होई. १८४१ पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहू लागले. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नातं, लग्न आणि नेमकं जन्मगावही लिहिलं जाऊ लागलं. शंभर वर्षांनी हे कागद सगळ्यांना पाहायला मिळतात. त्यावरून डॉक्टर, वकील अशा पेशातल्या घराण्यांचा माग काढता येतो.

समजा, घर डॉक्टरचं आहे. १८५१, १८६१ आणि १८७१ च्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवायच्या. मुलांची जन्मगावं वेगवेगळी असली, तर कुटुंब कुठून कुठे गेलं ते कळतं. पहिल्या नोंदीत शाळेत जाणारा मुलगा तिसऱ्या नोंदीत स्वतःच डॉक्टर झालेला दिसू शकतो. १८५८ च्या कायद्यानंतर डॉक्टरांची यादी छापली जाऊ लागली, तिच्याशी ते ताडून बघता येतं. त्याच्याबरोबर शिकलेल्या बहिणीचा धंद्याचा रकाना मात्र बहुतेक वेळा कोराच असतो. आईचाही तसाच. स्वयंपाकीण आणि मोलकरीण यांचं काम लिहिलेलं असतं, कारण त्यांना पगार होता.

अनेक डॉक्टरांचा दवाखाना घरातच असे. रोग्याला दार उघडणं, निरोप घेणं, घर चालवणं हे कुणीतरी करतच होतं. पण घरकाम सोडून बायका जे काम नेमानं करतात तेवढंच लिहा, अशी सूचना होती. तरी १८५१ च्या अहवालात गृहिणींना निदान वेगळा वर्ग दिला होता. १८८१ मध्ये तोही गेला आणि त्यांना बिनकामाच्या लोकांत टाकलं.

त्याच १८८१ साली आपल्या देशातही पहिल्यांदा देशभर एकाच वेळी शिरगणती झाली. आजही आपल्या जनगणनेत नुसतं घरकाम हे काम धरत नाहीत. पण घरच्या शेतात बिनमजुरीनं राबणं किंवा घरच्या धंद्याला हात लावणं हे काम धरतात. म्हणून जनगणनेचा माणूस दारात आला, की आपण स्वतः पुढे होऊन बोलू या. खुरपणी, दुकान, शिवणकाम, जे करतो ते सगळं सांगू या. आपल्या नाती जनगणनेचे आकडे बघतील, तेव्हा त्यांत आपलं काम मोजलेलं असावं.