व्हर्नची तोफ आणि तिची आकडेमोड

विज्ञान प्रदर्शनांच्या निमित्ताने शाळांमध्ये जाणे होते, तेव्हा शिक्षकांकडून आम्हाला एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. मुले अद्भुत कथा, विज्ञान कादंबऱ्या आवडीने वाचतात हे चांगलेच. पण त्यांतले विज्ञान पुष्कळदा चुकीचे असते, त्याचे काय? वर्गात महिनाभर खपून शिकवायचे आणि एका कादंबरीने ते पुसून टाकायचे! ही भीती अगदीच अनाठायी नाही. मात्र या वाङ्मयाच्या इतिहासात एक चूक अशी आहे की, तिने अग्निबाणांच्या शास्त्राला चांगलाच हातभार लावला. तिची हकिकत येथे सांगतो.

मार्च १८६४ मध्ये पॅरिसचे प्रकाशक पिएर-ज्यूल एत्झेल यांनी ‘शिक्षण आणि मनोरंजन’ अशा अर्थाच्या नावाचे एक नियतकालिक मुलांसाठी सुरू केले. त्यांचे सहकारी झाँ मासे हे शिक्षक होते. भाकरीचा घास शरीरात कोठे कोठे जातो, हे गोष्टीसारखे सांगणारे त्यांचे पुस्तक आधीच गाजले होते. पहिल्या अंकापासून ज्यूल व्हर्नची उत्तर ध्रुवावरील कादंबरी क्रमशः येऊ लागली. भूगोल, भूशास्त्र, भौतिकी आणि खगोलशास्त्र यांनी जमवलेले ज्ञान कथेच्या रूपाने वाचकांपुढे ठेवायचे, असा या कादंबरीमालेचा हेतू एत्झेलनी १८६६ मध्ये एका प्रस्तावनेत जाहीरच केला. अभ्यासक्रमच म्हणा ना!

याच मालेत १८६५ मध्ये चंद्रप्रवासाची कादंबरी आली. फ्लोरिडातील टॅम्पाजवळ जमिनीत ९०० फूट लांबीची तोफ ओततात, तिच्यात चार लाख पौंड स्फोटक कापूस भरतात आणि ॲल्युमिनियमच्या गोळ्यात बसून तीन माणसे चंद्राकडे निघतात. गोळ्याचा वेग सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर. पृथ्वीच्या आकर्षणातून सुटण्यासाठी लागणारा वेग ११.२ किलोमीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे व्हर्नने केवढी मेहनत घेतली होती ते कळते.

मग चूक कोठे आहे? नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला ती सापडू शकते. अंतिम वेगाच्या वर्गाला अंतराच्या दुपटीने भागले की त्वरण मिळते. तोफेची लांबी साधारण २७० मीटर धरू आणि वेग सेकंदाला ११,००० मीटर. भागाकार येतो सुमारे २,२४,०००. गुरुत्व त्वरण ९.८; म्हणजे हे त्याच्या २२,००० पटींहून अधिक झाले! पन्नास किलोच्या माणसाचे वजन त्या क्षणी अकराशे टनांवर जाईल. आणि क्षण तरी केवढा? सेकंदाचा विसावा भाग. धक्का बसणार हे व्हर्नलाही माहीत होते. म्हणून त्याने गोळ्याच्या तळाशी तीन फूट पाण्याची गादी घातली. चेंडू झेलताना आपण हात मागे नेतो, त्यातली युक्ती हीच. पण २७० मीटरना जे जमत नाही ते आणखी तीन फुटांनी काय जमणार?

हा हिशोब हेरमान ओबेर्थ या मुलाने शाळेत असतानाच मांडला. ओबेर्थचा जन्म १८९४ चा. बालपण ट्रान्सिल्व्हानियात, आज रुमानियात असलेल्या एका लहान गावात गेले. व्हर्नची चंद्रावरील पुस्तके आईने त्याला अकराव्या-बाराव्या वर्षी दिली आणि ती त्याला जवळजवळ पाठ झाली. तोफेत माणसांचा चेंदामेंदा होणार हे आकड्यांनी दाखवल्यावर पुस्तक मिटून ठेवणे सोपे होते. त्याने पुढचा प्रश्न विचारला : हाच वेग हळूहळू कसा देता येईल? उत्तर होते अग्निबाण. ओबेर्थचा या विषयावरील डॉक्टरेटचा प्रबंध १९२२ मध्ये नाकारला गेला. पुढच्याच वर्षी त्याने तो पुस्तकरूपाने छापला आणि नंतर अनेक वर्षे मेडियाश गावी शाळेत गणित व भौतिकी शिकवली.

रशियात त्सिओल्कोव्स्की हेही शाळामास्तरच. अवकाशप्रवासाच्या विचाराचे बीज व्हर्नने आपल्या मनात पेरले असे त्यांनी नमूद केले आहे. अग्निबाणाचे प्रसिद्ध समीकरण त्यांनी १९०३ मध्ये छापले. दुसऱ्या महायुद्धात ओबेर्थ जर्मन लष्करी अग्निबाणांच्या केंद्रात होता, हेही येथे लपवू नये. तोच ओबेर्थ जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ चे उड्डाण पाहायला फ्लोरिडात हजर होता. त्या अग्निबाणाने यानाला पृथ्वीभोवतीच्या कक्षेत पोहोचवायला साडेअकरा मिनिटांच्या आसपास वेळ घेतला आणि प्रवाशांना गुरुत्व त्वरणाच्या चौपटीच्या आसपासच ताण सोसावा लागला.

मराठीत ही चंद्राची सफर फार लवकर आली. कोचीनहून निघणाऱ्या ‘केरळकोकिळ’ मासिकात कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी १९०० पासून तिचे रूपांतर क्रमशः दिले. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कितीतरी कादंबऱ्या मुलांसाठी मराठीत आणल्या. आज त्या शाळांच्या कपाटांतून कुलूपबंद दिसतात, याचे वाईट वाटते.

या कथेच्या उत्तरार्धात एक प्रसंग आहे. वर्गात वाचून दाखवायला तो फार चांगला. सुटताना बसलेल्या धक्क्याने प्रवाशांचा एक कुत्रा मरतो. त्याचे शव ते खिडकीतून बाहेर टाकतात. पुढे पाहतात तो काय, शव गोळ्याच्या बरोबरीनेच चालले आहे! हे वर्णन अगदी बिनचूक आहे. मात्र त्याच वेळी आत माणसे घरातल्याप्रमाणे जमिनीवर उभी राहून जेवताहेत. पृथ्वी आणि चंद्र यांची आकर्षणे जेथे समसमान होतात, तेवढ्या जागीच ती तरंगतात, असे व्हर्न सांगतो. भिंतीबाहेर तरंगणारा कुत्रा आणि भिंतीआड जमिनीवर टेकलेला मालक. दोघांवरही एकच आकर्षण आहे, दोघांचा वेगही एकच. मग मधल्या भिंतीमुळे असा काय फरक पडावा?