एका सवलतीचा इतिहास



धार शहराच्या दक्षिणेस, विंध्याच्या कड्यावर मांडूचा किल्ला उभा आहे. बाजबहादूर आणि रूपमती यांच्या कथेमुळे तो आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. मात्र इ. स. १६१७ मध्ये जहांगीर बादशहाचा मुक्काम कित्येक महिने याच मांडूत होता, आणि त्याच वर्षीच्या आपल्या आत्मवृत्तात त्याने तंबाखू ओढण्यास मनाई केल्याची नोंद करून ठेवली आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. या धुराने बहुतेकांच्या स्वभावात आणि प्रकृतीत बिघाड होतो, असे कारण त्याने दिले आहे. तंबाखू त्या वेळी उत्तरेत नवीनच होती. सुमारे बारा वर्षांपूर्वी असदबेग नावाच्या सरदाराने ती विजापुराहून आणून अकबराला नजर केली होती, आणि दरबारच्या हकिमाने तेव्हाच नापसंती दर्शविली होती.

जहांगिराने याच संदर्भात एक मौजेची हकीकत दिली आहे. इराणच्या शाह अब्बासनेही आपल्या राज्यात तंबाखूला बंदी केली होती. परंतु तेथे गेलेला मोगल वकील खान आलम याला तिच्यावाचून घटकाभरही करमेना. ही गोष्ट शाहाच्या कानावर गेली, तेव्हा त्याने या एकट्या पाहुण्याला बंदीतून सूट दिली. दरबारी रिवाजाप्रमाणे ते औदार्यच झाले. पण थोडा विचार केला तर दिसेल, की सूट त्यालाच मिळाली, ज्याच्याविषयी ‘याच्याने हे सुटायचे नाही’ असे सर्वांनी आधीच ठरवून टाकले होते.

आज चारशे वर्षांनंतर अशीच एक सवलत आपण समाजातील एका दुर्दैवी वर्गाला देत आहोत. हा वर्ग म्हणजे छिन्नमनस्कतेने, ज्याला डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणतात त्या विकाराने, पीडित असलेली माणसे. या सवलतीचा इतिहास आज आपल्यासमोर मांडावयाचा आहे.

धूर आणि वेड यांचा संबंध आपल्याकडे जुना मानला जातो. माळवा हा अफूचा मुलूख. आणि देवासच्या दक्षिणेस नर्मदा ओलांडली, की लागणारा खंडव्याचा प्रदेश इंग्रजी अमदानीत परवान्याने होणाऱ्या गांजाच्या लागवडीसाठी प्रसिद्ध होता. गांजामुळे माणसे वेडी होतात आणि वेड्यांची इस्पितळे भरतात, असा बोभाटा विलायतेपर्यंत गेला, तेव्हा सरकारने १८९३ मध्ये एक आयोग नेमला. त्याने अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या. पण विशेष हे, की त्याने वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरे केवळ चाळली नाहीत, तर एकेका रुग्णाची मुळापासून चौकशी केली. १८९२ या एका वर्षात दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे गांजा, भांग वा चरस हे कारण लिहिलेले होते. चौकशीअंती त्यांतले अवघे ९८ टिकले, आणि त्यांतही काहींच्या बाबतीत इतर कारणे मिसळलेली होती.

मग बाकीचे कसे लिहिले गेले? रुग्णाला घेऊन येणाऱ्या पोलिसाजवळ एक कागद असे, त्यात ‘कारण’ असा रकाना असे, आणि रकाना रिकामा ठेवणे बरे दिसत नसे. म्हणून ‘गांजा’ हा सोयीचा शब्द तेथे पडे. अतिरेकी सेवन घातक आहे, हे आयोगाने मान्य केलेच. आजचे वैद्यकही गांजाला निर्दोष मानत नाही, उलट त्याने मनोविकाराचा धोका वाढतो असेच सांगते. परंतु या प्रकरणात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चिलमीत गांजा बहुधा एकटा नसतो, तंबाखू त्याच्या सोबतीला असते. आयोगाचे काम गांजा-भांगेपुरते होते, त्यामुळे चिलमीतल्या एका ऐवजाची सात खंडांत उलटतपासणी झाली आणि दुसरा साक्षीलासुद्धा बोलावला गेला नाही.

विसाव्या शतकात चित्र पालटले. १९०८ मध्ये स्वित्झर्लंडचे डॉ. ऑयगेन ब्लॉयलर यांनी या विकाराला स्किझोफ्रेनिया हे नाव दिले. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा उपयोग सुरू झाला आणि मनोरुग्णालयांची कुलुपे हळूहळू उघडू लागली. परंतु त्याच मनोरुग्णालयांतून सिगारेट हे एक चलनच होऊन बसले होते. साठीच्या दशकात अमेरिकेत चांगल्या वर्तनाबद्दल बिल्ले देण्याची जी पद्धत निघाली, तिच्यात बिल्ल्यांच्या मोबदल्यात मिळणाऱ्या वस्तूंमध्ये सिगारेटही होती. अंथरूण आवरावे, बिल्ला मिळवावा, धूर सोडावा! १९८६ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात पाहणी झाली, तेव्हा छिन्नमनस्कतेच्या रुग्णांपैकी ८८ टक्के धूम्रपान करणारे आढळले.

याचे समर्थनही तयार झाले. रुग्णाला धुराने मानसिक आराम मिळतो, तो आपल्या परीने स्वतःवर उपचारच करीत असतो, असे सांगितले जाऊ लागले. या विचाराला बळ देणाऱ्या संशोधनाला तंबाखूच्या कंपन्यांनी पैसा पुरविला होता, हे त्यांचीच कागदपत्रे पुढे उघड झाली तेव्हा कळले. नव्वदीच्या सुमारास अमेरिकी रुग्णालयांत धूम्रपानबंदी आली, त्या वेळी मनोरुग्णालयांना सवलत मिळावी म्हणून मोठी ओरड झाली आणि ती मिळालीही. ओरडणाऱ्यांत रुग्णांचे हितचिंतकही होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता. दया वाटली म्हणूनच त्यांनी ती मागितली.

आपल्या देशात काय आढळते? चेन्नईच्या डॉ. श्रीनिवासन आणि डॉ. तारा यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत छिन्नमनस्कतेच्या २८६ पुरुष रुग्णांपैकी ३८ टक्के धूम्रपान करीत होते. हे प्रमाण सर्वसाधारण पुरुषांहून फारसे वेगळे नव्हते. रोग तोच, मेंदू तसाच, मग मिनेसोटात ८८ आणि चेन्नईत ३८ का? कारण येथे रुग्ण घरी राहतो, त्याच्या हातात पैसा खेळत नाही आणि वडीलधाऱ्यांचे लक्ष असते. म्हणजे धूर हा या रोगाचा अटळ सोबती नव्हे. परिस्थिती बदलली की तोही बदलतो. माझ्या मते या सबंध इतिहासातली ही सर्वांत आशादायक नोंद होय.

आता आपल्या धार-देवासकडे वळू. पवारांच्या गादीमुळे धारमध्ये, आणि थोरल्या व धाकट्या पातीमुळे देवासमध्ये, मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत आली. या भागात विडी दुर्मीळ नाही. देवासच्या दक्षिणेकडील रानांतून तेंदूपत्ता गोळा होतो, आणि त्याचा व्यापार १९६४ पासून सरकारच्या नियंत्रणाखाली आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत मध्य प्रदेशातील ३४.२ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. महाराष्ट्रात हेच प्रमाण २६.६ टक्के होते. अशा मुलखातल्या एखाद्या घरी मनाने आजारी मुलगा वा भाऊ असला, तर काय घडते? तो अस्वस्थ झाला की घरातले म्हणतात, “दे बाबा त्याला एक विडी, तेवढाच गप्प बसेल.” औषधाच्या वेळा चुकतात, विडीची वेळ चुकत नाही. यात निष्ठुरता नाही. थकलेल्या माणसांची ती माया आहे. परंतु या रुग्णांचे आयुष्य इतरांपेक्षा सुमारे १५ ते २० वर्षांनी कमी भरते, आणि त्यांतले बहुतेक मनाच्या रोगाने नव्हे, तर हृदय आणि फुप्फुसे यांच्या विकारांनी जातात. मग या मायेला काय म्हणावे?

‘यांच्याने सुटत नाही’ हा समज आता टिकणारा नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक प्रयोगात ८,१४४ माणसे होती, आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांना मानसिक आजार होता. निकोटिनची पट्टी व इतर दोन औषधे यांनी मनःस्थिती लक्षणीयरीत्या बिघडते असे आढळले नाही, उलट धूम्रपान सुटण्यास मदत झाली. २०१९ मध्ये इंग्लंडात ५२६ मनोरुग्णांवर झालेल्या प्रयोगात, मनोविकारांची माहिती असलेल्या परिचारकांनी नेटाने साथ दिली तेव्हा सहा महिन्यांनी १४ टक्के रुग्ण धुरापासून मुक्त होते, तर नेहमीची मदत मिळालेल्यांत ६ टक्के. वर्षअखेर हे अंतर कमी झाले, हेही सांगितले पाहिजे. एकदा सोडवून भागत नाही, सोबत चालत राहावे लागते, हा त्याचा अर्थ.

येथे एक सावधगिरीची सूचना. विडीच्या धुरातील काही द्रव्यांमुळे क्लोझापिन व ओलान्झापिन ही औषधे शरीरातून लवकर निघून जातात. विडी बंद झाली की तेवढ्याच मात्रेने रक्तातील औषध वाढते, आणि गुंगी वा त्याहून गंभीर त्रास संभवतो. म्हणून डॉक्टरांना सांगून, मात्रा तपासून घेऊनच हे पाऊल टाकावे. तसेच पहिल्या काही दिवसांतील चिडचिड आणि निद्रानाश ही पुष्कळदा तंबाखूची तलफ असते. रोग उलटला असे समजून कोणी घाईने पुन्हा विडी हातात देऊ नये, आणि शंका आली तर डॉक्टरांना विचारावे. सल्ल्यासाठी १४४१६ हा मानसिक आरोग्याचा आणि १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा, असे दोन सरकारी दूरध्वनी आहेत.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे एकविसावे कलम सांगते, की मनोरुग्णाला आरोग्यसेवेत शरीराने आजारी असलेल्या माणसाच्या बरोबरीने वागविले पाहिजे. हृदयविकाराच्या रुग्णाला डॉक्टर पहिल्याच भेटीत विचारतात, “विडी ओढता का? सोडायची आहे का?” तोच प्रश्न छिन्नमनस्कतेच्या रुग्णालाही विचारला गेला पाहिजे, आणि त्याच्या उत्तराची वाट पाहिली गेली पाहिजे. शाहाने खान आलमला सूट दिली, पोलिसाने रकान्यात गांजा लिहिला, मनोरुग्णालयाने बिल्ल्यावर सिगारेट दिली. या सर्व इतिहासात रुग्णाला मात्र कोणीच काही विचारले नाही. तेवढे आपल्याला, आपल्या घरात, आजपासून करता येण्यासारखे आहे.