श्रद्धा, आपत्काल आणि स्त्रियांचें क्षेम

नगर जिल्हा आणि अवर्षण यांची सोयरीक फार जुनी आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील हा मुलूख. पश्चिमेस अकोल्याच्या डोंगरांत पाऊस उदंड पडतो, पण जामखेड-कर्जताकडे मृग आणि आर्द्रा हीं दोन्ही नक्षत्रें कोरडीं जाण्याचा प्रसंग वारंवार येतो. १८७६ ते १८७८ चा, १८९६-९७ चा, १८९९-१९०० चा आणि पुढें १९७२ चा, असे मोठे दुष्काळ या जिल्ह्यानें सोसले आहेत. अशा वेळीं विहीर आटली म्हणजे दूरवरून पाणी आणावयाचें तें बाईनें, आणि कणगी रिकामी झाली म्हणजे सर्वांच्या मागून जेवावयाचें तेंहि बाईनेंच. तेव्हां आपत्कालीं धर्मश्रद्धेनें स्त्रियांचें काय भलें केलें, या प्रश्नाचा विचार करण्यास हा जिल्हा सर्वथा योग्य आहे.

आमच्या सुशिक्षित वर्गांत या प्रश्नाचीं दोन ठराविक उत्तरें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं, श्रद्धा होती म्हणूनच आमच्या आज्या-पणज्या तगल्या; दुसरा म्हणतो कीं, श्रद्धेनेंच त्यांस मुकाट्यानें सोसण्याची संवय लावली. आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें घाईचीं आहेत. श्रद्धा होती कीं नव्हती एवढेंच दोन्ही पक्ष पाहतात. त्या श्रद्धेचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाच्या हातीं होता, आणि तिला जोडून स्त्रीच्या हातास कांहीं काम होतें कीं नाहीं, इकडे ते लक्ष देत नाहींत. या जिल्ह्याशीं निगडित असलेलीं दोन चरित्रें पाहिलीं म्हणजे या भेदाचें महत्त्व ध्यानांत येईल.

पहिलें चरित्र अहिल्याबाई होळकरांचें. जामखेड तालुक्यांतील चौंडी येथें माणकोजी शिंदे पाटलांच्या घरीं १७२५ सालीं त्यांचा जन्म झाला; २०२४ सालीं या जिल्ह्यास त्यांचेंच नांव देण्यांत आलें. १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत पति खंडेराव पडले, तेव्हां बाईंस एकोणतिसावें वर्ष चालू होतें. त्या सती जाण्यास निघाल्या असतां सासरे मल्हारराव यांनीं त्यांस परावृत्त केलें, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु मल्हाररावांचें खरें मोठेपण आम्हांस त्याच्या पुढच्या गोष्टींत दिसतें. ‘जगा’ एवढें सांगून ते थांबले नाहींत. त्यांनीं सुनेस काम दिलें. मुलखाचा वसूल, फौजेची रसद, तोफखान्याची तजवीज हीं कामें ते त्यांजवर सोंपवीत गेले. १७६६ सालीं मल्हारराव वारले, १७६७ सालीं पुत्र मालेरावहि गेला. आणि त्यानंतर १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनीं महेश्वराहून राज्य चालविलें.

सर जॉन माल्कम यानें १८२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत बाईंची दिनचर्या दिली आहे. पहांटेपूर्वी उठून पूजा, मग पुराणश्रवण, दानधर्म, ब्राह्मणभोजन. दुपारपासून सूर्यास्तापर्यंत दरबार. सायंकाळीं पुन्हा पूजा आणि रात्रीं पुन्हा कामकाज. या दिनचर्येंत देवघर व दरबार यांमध्यें भिंत नाहीं. काशीविश्वनाथ, गयेचें विष्णुपद, सोमनाथ येथील देवळें सर्वांस ठाऊक असतात. पण उन्हाळ्यांत वाटसरूंस पाणी देण्यासाठीं रस्त्यारस्त्यांवर माणसें ठेवणें, किंबहुना नांगरास जुंपलेल्या बैलांसहि शेतांत थांबवून पाणी पाजणें, हेंहि त्याच श्रद्धेचें फळ होय. पाण्याची किंमत जाणणाऱ्या मुलखांत वाढलेल्या बाईस पुण्य म्हणजे पाणी असें वाटलें असल्यास नवल नाहीं.

परंतु याच चरित्रांत एक दारुण प्रसंग आहे, आणि तो वगळून बाईंची स्तुति करणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. १७९१ सालीं जांवई यशवंतराव फणसे वारले. कन्या मुक्ताबाई हिचा एकुलता मुलगा आधींच गेला होता. ती सती जाण्यास निघाली. आईनें देवाचें नांव घेऊन विनविलें, पण व्यर्थ. माल्कमनें दिलेल्या हकीकतींत मुक्ताबाईचें उत्तर आलें आहे. त्याचा आशय असा कीं, तुम्ही आतां वृद्ध झालां आहांत. तुमच्यामागें मला जगणें असह्य होईल, आणि तेव्हां मानानें मरण्याची संधिहि गेलेली असेल. चिता पेटली तेव्हां लाखों लोकांचा न्याय करणारी ती माता नर्मदेच्या कांठीं दोघांनीं हात धरून ठेवलेल्या स्थितींत आक्रोश करीत होती.

आई आणि मुलगी या दोघींचा धर्म एक, संस्कार एक, पुराणेंहि तींच. मग एकीचें आयुष्य उजळलें आणि दुसरीचें चितेवर संपलें, हें कशानें? मुक्ताबाईची श्रद्धा आईहून कमी होती असें कोण म्हणेल? आम्हांस उत्तर तिच्या शब्दांतच दिसतें. आईला पतीच्या मागें कर्तव्य उरलें होतें. मुलीला आपल्यापुढें केवळ रिकामें आयुष्य दिसत होतें. समाजानें विधवेच्या श्रद्धेला मोकळा ठेवलेला एकच भव्य मार्ग तिनें धरला. इंग्रजी मुलखांत सतीबंदीचा कायदा १८२९ सालीं झाला. पण कायद्यानें चिता विझते, रिकामें आयुष्य भरत नाहीं.

दुसरें चरित्र लक्ष्मीबाई टिळकांचें. ‘स्मृतिचित्रें’ ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस त्यांच्या वडिलांचें सोंवळ्याचें वेड आठवत असेल. बाजारांतून आणलेलें मीठसुद्धां धुवून घेणाऱ्या त्या गृहस्थाच्या श्रद्धेविषयीं शंका नको. पण त्या श्रद्धेचा सारा भार घरांतील बायकांच्या देहावर पडत होता. पुढें १८९५ सालीं पति नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. पत्नीस विचारण्याची गरज त्यांस वाटली नाहीं. एका पुरुषाच्या श्रद्धेनें एका दिवसांत एका स्त्रीचें घर, जात, माहेर, सर्व उलथून टाकलें. आणि तिनें कित्येक वर्षें आप्तांच्या आश्रयानें काढलीं.

पुढें त्या पतीकडे नगरास आल्या, परंतु धर्म बदलून नव्हे. आपला स्वयंपाक, आपलें पाणी त्यांनीं वेगळें ठेवलें. जाती देवानें केल्या कीं माणसानें, हा प्रश्न त्यांनीं स्वतःशींच सोडविला आणि नंतर १९०० सालीं राहुरीस बाप्तिस्मा घेतला. त्यांनीं कोणता धर्म घेतला हा आमच्या विवेचनाचा विषय नाहीं. या खेपेस निर्णय त्यांचा स्वतःचा होता, हें आम्हांस महत्त्वाचें वाटतें. त्यानंतरच्या लक्ष्मीबाई निराश्रित मुलांस घरांत घेतात, आणि शाळेचें तोंड न पाहिलेली ही बाई पतीच्या मागें त्यांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ पुरें करते.

कोणी म्हणेल, राणी आणि कवीची पत्नी यांवरून सामान्य बायकांचें अनुमान कसें करावें? आक्षेप रास्त आहे. राहुरी तालुक्यांतील ताहराबादचे महिपति (१७१५-१७९०) हे अहिल्याबाईंचे समकालीन. त्यांच्या ‘भक्तिविजया’ची पोथी घरोघर लागली, आणि जनाबाई, कान्होपात्रा, मिराबाई यांच्या कथा निरक्षर बायकांच्या कानीं पडल्या. दळणकांडण करणाऱ्या दासीस देव मदत करतो, ही कथा जात्यावर बसलेल्या बाईस आपली वाटली असेल, यांत संशय नाहीं. पोथी ऐकण्यास चार बायका जमल्या म्हणजे दुःख सांगण्यास एक जागा झाली, ही मिळकत आम्ही थोडी समजत नाहीं. पण पोथी मिटल्यावर ती बाई पुन्हा त्याच रिकाम्या कणगीपाशीं येई, हेंहि खरें.

१९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रभर हजारों बायका खडी फोडावयास बसल्या. रोजगाराचा हक्क मान्य करणारा कायदा १९७७ सालीं झाला, त्यामागें त्या दुष्काळाचा अनुभव होता. त्या बायकांनीं एकादशी सोडली नव्हती, वारीहि सोडली नव्हती; पण संध्याकाळीं हातांत मजुरी पडत होती. आमचा निष्कर्ष एवढाच कीं, स्त्रियांच्या श्रद्धेची चिंता सुधारकांनीं वा सनातन्यांनीं वाहण्याचें कारण नाहीं. ती त्यांची त्या सांभाळतील. ज्यांस त्यांच्या क्षेमाची खरी काळजी आहे त्यांनीं मल्हाररावांचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें. आपल्या घरांतील विधवेस, परित्यक्तेस, दुःखितेस सांत्वनाबरोबर कोणतें काम, कोणता अधिकार आणि कोणतें उत्पन्न आपण दिलें, हें आपल्यापैकीं प्रत्येकानें आधीं तपासून पाहावें.